‘हैदराबाद’ नावाची विमानपथके आणि परभणी जिल्हा

ब्रिटिश शाही हवाई दलाच्या इतिहासात क्रमांक ११०, १५२ व २५३ या तीन पथकांच्या नावाला ‘हैदराबाद’ हा शब्द जोडलेला आढळतो. त्याच दलात ‘सिटी ऑफ लंडन’, ‘सिटी ऑफ ग्लासगो’, ‘सिटी ऑफ एडिंबरो’ अशी नावे धारण करणारी पथकेही होती. वरवर पाहता ही सर्व नावे एकाच जातीची वाटतात. वस्तुतः त्यांत मूलभूत भेद आहे, आणि परभणी जिल्ह्याचा या विषयाशी असलेला संबंध त्या भेदातच सापडतो.

लंडन, ग्लासगो इत्यादी पथके सहायक हवाई दलाची, म्हणजे राखीव स्वरूपाची होती. १९२४ च्या कायद्यान्वये त्यांची योजना झाली व १९२५ पासून ती उभी राहिली. त्या त्या नगरातील नागरिकांनी आपला व्यवसाय सांभाळून फुरसतीच्या दिवसांत विमानविद्या शिकावी आणि युद्धप्रसंगी सेवेत रुजू व्हावे, असा हा क्रम होता. तेथे पथकाला नाव मिळाले ते माणसांवरून. हैदराबादच्या पथकांना नाव मिळाले ते द्रव्यावरून.

क्रमांक ११० ची स्थापना १ नोव्हेंबर १९१७ रोजी इंग्लंडात झाली. या पथकाला मिळालेल्या डी हॅविलंड ९ए जातीच्या पहिल्या बाँबफेकी विमानांचा खर्च सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी दिला. सप्टेंबर १९१८ मध्ये हे पथक फ्रान्समध्ये दाखल झाले आणि युद्धसमाप्तीपर्यंत जर्मनीतील शहरांवर दिवसा हल्ले करीत राहिले. त्यात त्याची हानी मोठी झाली. ५ ऑक्टोबर १९१८ रोजी जर्मनांच्या हाती लागलेले त्याचे एक विमान पुढे बर्लिन येथे प्रदर्शनार्थ ठेवण्यात आले. दुसऱ्या महायुद्धात ते पोलंडमध्ये गेले व १९७७ साली लंडनच्या हवाई दल संग्रहालयात आले. हैदराबादच्या निजामाने दिलेली भेट असा निर्देश त्याच्या अंगावर आहे. देणाऱ्याचे नाव त्यावर आहे. ज्यांच्या श्रमातून ते देणे झाले त्यांचे अर्थातच नाही.

हे श्रम कोणाचे? निजामाचे उत्पन्न दिवाणीचे असो वा सर्फ-ए-खासचे, त्याचे मूळ मुख्यतः जमिनीत होते. गोदावरी, पूर्णा व दुधना यांच्या खोऱ्यांतील काळ्या जमिनीत ज्वारी व कापूस पिकविणारी परभणीची रयत ही त्या राज्याच्या सारा भरणाऱ्यांपैकी एक होती. ज्या शरद ऋतूत ‘हैदराबाद’ नावाची विमाने ऱ्हाइनकाठी लढत होती, त्याच शरद ऋतूत दख्खनमध्ये पर्जन्य अपुरे होऊन इन्फ्लुएंझाची साथ पसरली होती. हैदराबाद संस्थानाची लोकसंख्या १९११ च्या शिरगणतीत सुमारे १ कोटी ३३ लक्ष होती. १९२१ मध्ये ती सुमारे १ कोटी २४ लक्षांवर आली. या घटीचे कारण विमानांची देणगी होय, असे म्हणणे अर्थातच अयोग्य ठरेल. परंतु एकाच राज्याच्या एकाच वर्षाच्या इतिहासाची ही दोन पाने आहेत आणि ती शेजारी ठेवूनच वाचली पाहिजेत.

या व्यवहाराचा पूर्वरंग परभणीकरांना अपरिचित नव्हता. आज स्वतंत्र जिल्हा असलेले हिंगोली १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यातच होते. तेथे निजामाच्या कंटिंजंट फौजेची छावणी होती. फौजेचे नाव हैदराबादचे, खर्च हैदराबादचा. अधिकारी मात्र इंग्रज. याच खर्चापोटी १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले. १९०२ च्या करारानंतर ही फौज हिंदी सैन्यात विलीन झाली व १९०३ मध्ये हिंगोलीची छावणी संपली. अवघ्या पंधरा वर्षांनी तोच व्यवहार आकाशात पुन्हा दिसू लागला. फरक एवढाच की, कंटिंजंटची सक्ती करारांनी आली होती, तर विमाने राजनिष्ठेची खूण म्हणून देण्यात आली. १९१८ साली निजामाला ‘ब्रिटिश सरकारचे विश्वासू मित्र’ ही पदवी मिळाली. क्रमांक १५२ च्या बोधचिन्हावर निजामाचे शिरोभूषण आहे आणि ‘विश्वासू मित्र’ हेच त्याचे ब्रीदवाक्य आहे.

दुसऱ्या महायुद्धात या तिन्ही पथकांनी पराक्रम गाजविला. क्रमांक ११० ने ४ सप्टेंबर १९३९ च्या विल्हेल्म्सहाफेनवरील हल्ल्यात भाग घेतला. क्रमांक १५२ व २५३ यांची ऑक्टोबर १९३९ मध्ये पुनर्रचना झाली व १९४० च्या ब्रिटनवरील हवाई संग्रामात ती अनुक्रमे स्पिटफायर व हरिकेन विमानांनिशी लढली. पुढे क्रमांक ११० व १५२ ब्रह्मदेशाच्या आघाडीवरही लढली. त्या वैमानिकांच्या शौर्याला उणेपणा आणण्याचे कारण नाही. मुद्दा एवढाच की, ही पथके हैदराबादी माणसांची नव्हती. याउलट १९३९ मध्ये हिंदी हवाई दलाचे स्वयंसेवक राखीव दल स्थापन होऊन मुंबईसह सहा बंदरांत किनारासंरक्षक तुकड्या निघाल्या. स्वतंत्र भारताने १९५२ च्या कायद्याने राखीव व सहायक हवाई दलांची व्यवस्था केली. येथे नागरिक स्वतः सेवेत उतरत होता.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली. १९५६ मध्ये हैदराबाद राज्याचे विभाजन होऊन परभणी मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आली. क्रमांक २५३ चे १९५७ मध्ये, १५२ चे १९६७ मध्ये व ११० चे १९७१ मध्ये विसर्जन झाले. राज्य नकाशावरून गेल्यावरही पंधरा वर्षे त्याचे नाव परक्या दलात नांदत होते. लष्करी इतिहासात ते नाव शौर्याच्या खाती जमा आहे. परभणीच्या इतिहासात त्याची नोंद शेतसाऱ्याच्या प्रकरणात होणेच सयुक्तिक होय.