कागद खरा, खोकी खोटी

मागच्या वेळी आपण हुंडीपाशी थांबलो होतो. हुंडी चाले ती पेढीच्या ओळखीवर. पण विकणारा लखनौला, घेणारा न्यूयॉर्कला, दोघांनी एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नाही, तर काय? पैसे आधी की माल आधी? दोघंही म्हणणार, आधी तुम्ही!

यावर व्यापाराने काढलेली तोड म्हणजे लेटर ऑफ क्रेडिट, बँकवाल्यांची ‘एलसी’. घेणाऱ्याची बँक विकणाऱ्याला लिहून देते: बीजक, जहाज कंपनीचं बिल ऑफ लेडिंग, ठरलं असेल तर तपासणीचा दाखला, एवढं मुदतीत आणा, पैसे आम्ही देऊ. इथे नीट पाहा. बँक ‘माल दाखवा’ म्हणत नाही, ‘कागद दाखवा’ म्हणते. याची पहिली आंतरराष्ट्रीय नियमावली १९३३ साली आली. २००७ पासून लागू असलेली यूसीपी ६०० हेच सांगते, की बँकेचा संबंध कागदपत्रांशी, मालाशी नाही.

हा कागदाचा हट्ट किती कडक? १९२७ सालचा लंडनचा एक खटला घेऊ. बटाव्हियाहून, म्हणजे आजच्या जकार्ताहून, व्हॅनिलाच्या शेंगा यायच्या होत्या. प्रत्यक्षात आल्या मुख्यतः काटक्या, दगड आणि जुनं लोखंड. बँक पैसे देऊन बसली होती. पण एलसीत दाखला ‘तज्ज्ञांचा’ हवा होता, अनेकवचनी. बँकेने घेतला एकाच तज्ज्ञाचा. मराठीत आदरार्थी म्हणून खपलं असतं हो! हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये खपलं नाही. घेणारा सुटला, नुकसान बँकेच्या माथी आलं.

आता उलटं पाहू. कागद चोख, माल खोटा. १९४१ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयात स्टेन विरुद्ध श्रोडर बँक हा खटला आला. लखनौच्या ट्रान्सी ट्रेडर्सकडून ब्रशसाठी राठ केस मागवले होते. तक्रार अशी, की पन्नास खोक्यांत भरले गाईचे केस आणि कचरा. बीजक ठीक, बिल ऑफ लेडिंग ठीक. पैसे द्यायचे बाकी होते.

न्यायमूर्ती शिंटॅग यांनी मूळ तत्त्व मोडलं नाही. मालाच्या प्रतीवरून वाद असेल तर तो विकणारा-घेणाऱ्याने वेगळा लढवावा. बँक खोकी उघडत बसली तर व्यापारच थांबेल. पण इथे मालच पाठवलेला नाही. आणि पैसे देण्याआधी बँकेला ही लबाडी कळली आहे. तक्रारीतलं खरं धरलं, तर बँकेचं संरक्षण लबाडाला मिळता कामा नये. म्हणून त्यांनी दावा फेटाळायला नकार दिला. मात्र एखाद्या निरपराध बँकेने सद्भावनेने त्या हुंडीचे पैसे आधीच मोजले असते, तर तिचा हक्क त्यांनी राखला असता.

आम्ही तत्त्वज्ञानवाले इथे न्यायदर्शनाकडे वळणारच. तिथे शब्द हे प्रमाण आहे, पण सांगणारा आप्त, म्हणजे विश्वासार्ह, असेल तर. एलसीत बँक प्रत्यक्ष सोडून शब्दावर चालते. तसं चालावंच लागतं. प्रत्येक खोकं कोण उघडणार? पण सांगणारा आप्त नाही हे कळल्यावरही शब्दाला चिकटून राहणं, हा विश्वास नव्हे. ती सोय झाली.

आपल्या रोजच्या जगण्यात आपण असे किती कागद न उघडता मान्य करतो, ते घरी जाताना मोजून पाहू या.