भूल देणारा माणूस आणायचा कुठून?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी आजचा भाग लिहून काढलाय.

ऑपरेशन म्हटलं की आपण पहिलं विचारतो, सर्जन कोण? भूल कोण देणार, हे कितीजण विचारतात? अमेरिकेतली हॉस्पिटलं मात्र दीडशे वर्षं याच प्रश्नाशी झगडतायत.

चला, 1846 मध्ये जाऊ. 16 ऑक्टोबरला बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने ईथर हुंगवून एका रुग्णाला गुंगी आणली आणि सर्जनने त्याच्या मानेवरची गाठ काढली. नवी टेक्नॉलॉजी आली, पण ती चालवणारी पोस्ट कुणी काढलीच नाही! पुढची कित्येक वर्षं ईथरचा मास्क ज्याचा हात मोकळा त्याच्याकडे जायचा. बहुतेक वेळा नवशिका इंटर्न. त्याला व्हायचं असायचं सर्जन, म्हणजे लक्ष सगळं सुरीकडे. इकडे रुग्णाचे ओठ निळे पडले तरी पत्ता नाही. ऑपरेशन उत्तम झालं, पण रुग्ण भुलीने गेला, असं व्हायचं.

मग सर्जन मंडळींनी असा माणूस शोधला, जो फक्त रुग्णाच्या चेहऱ्याकडे बघेल. तो हॉस्पिटलातच होता: नर्स. 1877 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या ईरी शहरात सिस्टर मेरी बर्नार्ड यांच्याकडे हे काम आलं. पुढे मिनेसोटातल्या रॉचेस्टरला मेयो बंधूंनी ॲलिस मॅगॉ यांना नेमलं. त्यांची पद्धत काय? ईथर थेंब थेंब सोडायचं आणि रुग्णाशी शांतपणे बोलत राहायचं. 1906 मध्ये त्यांनी 14,000 हून जास्त भुलींचा हिशोब छापला. भुलीमुळे मृत्यू? शून्य.

क्लीव्हलँडच्या लेकसाइड हॉस्पिटलात सर्जन जॉर्ज क्राइल यांनी अगाथा हॉजिन्स या नर्सला हे काम शिकवलं. पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि दोघंही फ्रान्सला पोचले. जखमी सैनिकांची रांग लागलेली आणि भूल देणारे हात मोजकेच. हॉजिन्सबाईंनी तिथे इतरांनाही तयार केलं. 1915 मध्ये लेकसाइडला त्यांची शाळा सुरू झाली आणि 1931 मध्ये त्यांनी भूल देणाऱ्या नर्सेसची राष्ट्रीय संघटना उभी केली.

आता खरी ठिणगी. डॉक्टरही या क्षेत्रात उतरले होते. नर्स पगारावर राबायची, डॉक्टर केसमागे फी घ्यायचे. म्हणजे भांडण सुरक्षिततेचं होतं, तसंच पोटाचंही. लॉस एंजेलिसमध्ये डॅग्मार नेल्सन या नर्सवर खटला भरला गेला. आरोप काय, तर भूल देणं म्हणजे वैद्यकी, आणि ती परवान्याशिवाय चाललीय. त्या हरल्या असत्या, तर हजारो बायकांच्या नोकऱ्यांवर टांगती तलवार आली असती. 1936 मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: सर्जनच्या देखरेखीखाली नर्सने भूल देणं बेकायदा नाही.

पण कोर्टात जिंकून लहान गावातली रिकामी खुर्ची भरत नाही. एकुलता एक भूलतज्ज्ञ आजारी पडला, तर त्या दिवशीची ऑपरेशनं रद्द. इथूनच तात्पुरत्या भरतीचा धंदा वाढला. त्याला म्हणतात 'लोकम टेनेन्स'. मूळ लॅटिन, अर्थ 'जागा धरून ठेवणारा'. एसटीत रुमाल टाकतो ना आपण, तसंच, फक्त इथे रुमालालाही काम येतं! 1979 मध्ये युटा राज्यात कॉम्पहेल्थ ही असे डॉक्टर पुरवणारी कंपनी सुरू झाली. आज अशा एजन्सी भरपूर आहेत. 2001 मध्ये सरकारी मेडिकेअर योजनेने राज्यांना देखरेखीच्या अटीतून बाहेर पडायची मुभा दिली. पहिलं बाहेर पडलं आयोवा, शेतीवाडीचं राज्य. का, ते वेगळं सांगायला नको.

आणि आपल्याकडे? भारतात नर्सचा रस्ता धरला नाही. तातडीच्या बाळंतपणांसाठी सरकारने एमबीबीएस डॉक्टरांनाच भुलीचं 18 आठवड्यांचं प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली. तालुक्याच्या गावी सिझेरियन रात्री दोनला होणार की बाईला जिल्ह्याला पाठवणार, हे बऱ्याचदा भूल देणारा हजर आहे का, यावरच ठरतं.

म्हणून पुढच्या वेळी घरात कुणाचं ऑपरेशन असेल, तर सर्जनबरोबर भूल देणाऱ्यांचंही नाव विचारा. रुग्ण झोपलेला असताना त्याच्यासाठी जागं राहणारं माणूस तेच असतं.

भेटूया पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा, वाचत राहा!