रोमन सैनिक खरोखर लाल कपडे घालत असत का? #थ्रेड

१/ चित्रपटांतील रोमन सैन्य सरसकट लाल अंगरख्यांत दिसते. उपलब्ध पुरावे मात्र वेगळे सांगतात.

२/ इ.स. ११३ मधील ट्रेजनच्या स्तंभावर सैनिकांची अक्षरशः गर्दी आहे. पण शिल्पांवरील रंग उडून गेले. ती रिकामी जागा पुढे कल्पनेने भरली.

३/ इ.स. १३८ मधील एका पपायरसवर कपाडोशियातील सैन्यासाठी कपड्यांची मागणी नोंदलेली आहे. ती इजिप्तमधील फिलाडेल्फिया गावच्या विणकरांकडे आली होती. तीत एक पांढरा अंगरखा व चार पांढरी सीरियन प्रावरणे आहेत. मापे, वजन आणि आगाऊ रक्कमही लिहिलेली आहे. लोकर मऊ, शुभ्र व डागरहित असावी, ही अट!

४/ इजिप्तमध्येच ममींवर लावलेल्या काही व्यक्तिचित्रांत तलवारीचा पट्टा ल्यालेले पुरुष आहेत. त्यांचेही अंगरखे पांढरे आहेत.

५/ मग लाल रंग नव्हताच का? होता. मंजिष्ठेच्या कुळातील वनस्पतीच्या मुळांपासून तो मिळे. मात्र किरमिजी प्रावरण ही सेनापतीची खूण होती, आणि त्याच्या तंबूवर लाल वस्त्र झळकले की सैन्याने युद्धाचा इशारा ओळखावा.

६/ सैनिकाच्या कपड्यांचे पैसे त्याच्याच वेतनातून कापले जात आणि कापड प्रांतोप्रांतीच्या मागांवर विणले जाई. अशा सैन्याचा एकच ठरावीक रंग शोधणे म्हणजे आजच्या गणवेशाची कल्पना भूतकाळावर लादणे होय. शिल्पांनी गमावलेला रंग अखेर विणकरांच्या एका हिशेबी कागदाने जपला.