मुरंबा : शब्द कोठला, पाक कोठला?

१/ वैशाखात धाराशिवच्या बाजारात कैऱ्यांचे ढीग लागले की घरोघरी चिनी मातीच्या बरण्या उन्हात वाळू लागतात. ‘मुरलेला आंबा तो मुरंबा’, असे आजी सांगत असे. इतिहासाचा विद्यार्थी झाल्यावर कळले की ही व्युत्पत्ती गोड असली तरी खरी नाही. #थ्रेड

२/ शंका आवळ्यामुळे आली. आवळ्याच्या मुरंब्यात आंबा कोठे असतो? ‘साखरांबा’ आणि ‘गुळांबा’ हे शब्द आंब्यावरूनच झाले. ‘मुरंबा’ मात्र अरबी ‘मुरब्बा’चे मराठी रूप होय. त्याच्या मुळाशी जोपासणे, वाढवणे हा अर्थ आहे; ‘तर्बियत’ हा शब्द त्याच कुळातला. अझरबैजानातही फळांच्या अशा पाकाला जवळजवळ हेच नाव आहे.

३/ तो येथे रुजला यात नवल नाही. १३४७ मध्ये बहमनी सत्ता स्थापन झाली. पुढे आदिलशाही, निजामशाही, मोगल आणि १९४८ पर्यंत हैदराबादचे निजाम. नळदुर्ग आणि परंड्याचे किल्ले या काळाचे साक्षीदार आहेत. तारीख, जमीन, महसूल हे शब्द दप्तरातून मराठीत आले. मुरब्बा ताटातून आला.

४/ मग पदार्थही बाहेरचाच काय? तसे म्हणता येत नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात च्यवनप्राशाची कृती आहे : ५०० आवळे, मत्स्यंडिका नावाची साखर, मध, पिंपळी, दालचिनी, वेलदोडा. फळ साखरेत शिजवून मसाल्यासह टिकवण्याची विद्या येथे मुरब्ब्याच्या आधीपासून होती. तिचे प्रयोजन तेव्हा औषधी होते.

५/ उलट दिशेचा प्रवासही पाहावा. संस्कृत ‘शर्करा’ पश्चिमेला गेली, फारसीत ‘शकर’ आणि अरबीत ‘सुक्कर’ झाली. म्हणजे साखरेचे नाव येथून गेले आणि साखरेत मुरवलेल्या फळाचे नाव तेथून आले.

६/ आता बरणीकडे वळू. कैरीच्या फोडी किंचित वाफवायच्या, दीडपट ते दुप्पट साखर घालून मंद आचेवर शिजवायच्या. पाक मधासारखा दाट झाला की लवंग, वेलदोडा, केशर. साखर पाणी धरून ठेवते, त्यामुळे जंतूंना ते मिळत नाही. पाक पातळ राहिला तर मुरंबा आंबतो, फार आटला तर साखर धरते. ही सीमा आजी चमच्यावरून ओघळणाऱ्या थेंबावरून ओळखत असे.

७/ शिवकाळातील राज्यव्यवहारकोशाने फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय सुचवले. मराठी स्वयंपाकघराने वेगळा मार्ग घेतला : परका शब्द ठेवला, त्यावर एक अनुस्वार चढवला आणि त्यात आपला आंबा पाहिला. आजीची व्युत्पत्ती चुकीची होती. पण शब्द आपलासा कसा होतो, याचा तोच पुरावा ठरतो.

८/ २०२३ मध्ये आमच्या जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे बदलले. नावांविषयी आपण पुष्कळ बोलतो, लिहितो. पण चमच्यावरच्या त्या थेंबाची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. यंदा घरी मुरंबा होईल तेव्हा करणारीच्या शेजारी वही घेऊन बसा. तिचे प्रमाण, तिचे शब्द लिहून ठेवा. तोही इतिहासच आहे.