दैतोकुजीचे पाचशे अर्हत आणि बोस्टनचे प्रदर्शन

इ. स. १८९४ मध्ये अमेरिकेतील बोस्टन येथील म्युझियम ऑफ फाइन आर्ट्स या संग्रहालयात प्राचीन चिनी बौद्ध चित्रांचे एक विशेष प्रदर्शन भरले. जपानमधील क्योतो नगरीच्या दैतोकुजी या झेन विहाराने आपल्याकडील अर्हतांच्या चित्रांपैकी चव्वेचाळीस चित्रे त्यासाठी समुद्रापार पाठविली होती. त्यापूर्वी, १८९२-९३ मध्ये, याच संग्रहालयाने होकुसाई व त्याची चित्रपरंपरा यांचे प्रदर्शन भरविले होते. परंतु होकुसाईची चित्रे ही नगरवासीयांच्या आवडीची, बाजारात विकली जाणारी कला होती. दैतोकुजीच्या चित्रांची गोष्ट निराळी होती. ती पाहण्यासाठी नव्हे, तर पूजाविधीच्या प्रसंगी भिंतीवर टांगण्यासाठी काढली गेली होती. अशी चित्रे स्वतःचा विहार सोडून एका परक्या देशातील दालनात का गेली, हे समजून घेतल्यावाचून त्या प्रदर्शनाचा अर्थ लागत नाही.

जपानमध्ये १८६८ साली मेइजी राजवट स्थापन झाली आणि त्याच वर्षी नव्या सत्तेने शिंतो व बौद्ध धर्म यांना परस्परांपासून विभक्त करण्याचा आदेश काढला. आदेश विभक्तीकरणाचा होता; पण गावोगावी त्याचे पर्यवसान विध्वंसात झाले. मूर्ती फोडल्या गेल्या, सूत्रग्रंथ जाळले गेले, भिक्खूंना चीवर उतरविण्यास भाग पाडले गेले. नारा येथील कोफुकुजीसारख्या प्राचीन विहारातील भिक्खूही शिंतो पुजारी बनले. १८७१ मध्ये विहारांच्या जमिनी सरकारजमा झाल्या आणि संघाच्या निर्वाहाचा आधारच तुटला. राजाश्रय हेच ज्याचे बळ, त्या धर्मसंस्थेचे राजाश्रय जाताच काय होते, हे भारतातील बौद्धांना निराळे सांगण्याची गरज नाही. छपरे गळू लागली, आणि डागडुजीसाठी पैसा उभा करायचा तर विकण्याजोगे जे होते, ते म्हणजे चित्रे आणि मूर्ती. विहारांच्या प्राचीन ठेव्याचे संरक्षण करणारा कायदा १८९७ मध्ये झाला. दैतोकुजीची चित्रे त्यापूर्वीच तीन वर्षे देशाबाहेर गेली होती.

प्रदर्शनाचे सूत्रधार होते अर्नेस्ट फेनोलोसा. १८७८ मध्ये ते तोक्यो विश्वविद्यालयात अध्यापनासाठी गेले, जपानी कलेच्या अभ्यासात रमले, आणि १८८५ मध्ये त्यांनी व त्यांचे मित्र विल्यम स्टर्जिस बिगेलो यांनी मीदेरा येथील तेंदाई पंथाच्या आचार्यांकडून शील ग्रहण केले. १८९० मध्ये बोस्टनच्या संग्रहालयात जपानी कलेचा स्वतंत्र विभाग निघाला व फेनोलोसा त्याचे प्रमुख झाले. तेव्हा या व्यवहाराकडे केवळ परक्यांनी केलेली लूट म्हणून पाहणे इतिहासाला धरून होणार नाही. चित्रे नेणारा मनुष्य स्वतः उपासक होता, आणि देणारा विहार अडचणीत होता. माझ्या मते या प्रसंगातील खरे दुःख नेमके येथेच आहे: चोराकडून वस्तू परत मागता येते; गरजेपोटी स्वखुशीने दिलेली वस्तू कशी मागावी?

प्रदर्शनाचा परिणाम विलक्षण झाला. इटालियन चित्रकलेचे मर्मज्ञ बर्नार्ड बेरेन्सन यांना फेनोलोसांनी ही चित्रे दाखविली. युरोपच्या चित्रकारांनी जे साधले त्याच्या तोडीचे, किंबहुना त्याहून सरस असे काही आपण पाहिले, या भावनेने बेरेन्सन व त्यांचे सोबती अक्षरशः रडले, असे त्यांनी आपल्या पत्नी होऊ घातलेल्या मेरीला पत्रातून कळविले. प्रदर्शन संपल्यावर दहा चित्रे बोस्टनमध्येच राहिली. पाच संग्रहालयाने विकत घेतली. पाच डेन्मन रॉस या संग्राहकाने घेतली आणि १९०६ मध्ये संग्रहालयाला दिली. आणखी दोन चित्रे चार्ल्स फ्रिअर यांच्या संग्रहात १९०२ व १९०७ मध्ये दाखल झाली. तो संग्रह आज वॉशिंग्टन येथे आहे.

आता या चित्रांचे मूळ पाहू. राजगृह येथील पहिल्या संगीतीस महाकाश्यपांच्या अध्यक्षतेखाली पाचशे अर्हत जमले होते, ही परंपरा आपल्या वाचकांना परिचित आहे. विनयाचे संगायन करणारे उपाली त्याच सभेत होते, आणि उपाली जातीने न्हावी होते. चीनमध्ये अर्हतांच्या पूजेला स्वतंत्र रूप आले. ह्युएन-त्संग यांनी ६५४ मध्ये अनुवादित केलेल्या एका ग्रंथात सोळा अर्हतांनी धम्मरक्षणासाठी या जगात राहावे अशी तथागतांची आज्ञा सांगितली आहे. पुढे पाचशे अर्हतांचा निवास तिएनताई पर्वतावर, तेथील धबधब्यावरील नैसर्गिक दगडी पुलाजवळ आहे, अशी श्रद्धा रूढ झाली.

त्या पर्वताच्या प्रदेशातच निंगबो हे बंदर आहे. त्याच्या परिसरातील एका विहाराचे भिक्खू यीशाओ यांच्या प्रेरणेने ११७८ ते ११८८ या दहा वर्षांत लिन तिंगग्वेई व चोऊ चीछांग या दोन चित्रकारांनी शंभर पट पूर्ण केले. प्रत्येक पट रेशमी, सुमारे ११० सेंटीमीटर उंच व ५३ सेंटीमीटर रुंद. प्रत्येकात पाच अर्हत. तेराव्या शतकात हे पट जपानमध्ये आले. परंपरेनुसार ते प्रथम कामाकुरा येथे, नंतर होजो घराण्याकडे होते आणि १५९० मध्ये तोयोतोमी हिदेयोशीने होजोंचा पाडाव केल्यावर ते क्योतोकडे आले. म्हणजे पाण्यावरून आणि तलवारीच्या धारेवरून त्यांचा प्रवास १८९४ च्या कितीतरी आधी सुरू झाला होता. सहा पट वाटेत हरवले. सतराव्या शतकात ते नव्याने रंगवून शंभराची संख्या पुरी करण्यात आली.

अमेरिकेत राहिलेल्या चित्रांपैकी दोन चित्रांकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. वॉशिंग्टन येथील एका पटात लिन तिंगग्वेईने अर्हतांना अरण्यातील ओढ्याकाठी कपडे धुताना दाखविले आहे. ऋद्धिसंपन्न, आसवक्षय झालेले हे महापुरुष आपले वस्त्र आपणच धुतात, आपणच वाळत घालतात. ज्या समाजात दुसऱ्याचे वस्त्र धुणे हे जन्माने लादलेले काम ठरले, त्या समाजातून आलेल्या प्रेक्षकाला हे चित्र निसर्गदृश्याहून काही वेगळे सांगते. बोस्टन येथील चोऊ चीछांगच्या पटात अर्हत मेघांवर उभे राहून खाली नाणी सोडीत आहेत, आणि खाली चिंध्या नेसलेले, हाडे दिसणारे भिकारी ती वेचण्यासाठी धडपडत आहेत. चित्रकाराने दारिद्र्याला मुळीच सुंदर केलेले नाही. बहुतेक पूजाचित्रांत ज्यांना जागा मिळत नाही, ती माणसे येथे पटाचा खालचा भाग व्यापून आहेत.

बोस्टनच्या प्रेक्षकांनी रेषा पाहिली, रंग पाहिला, चेहऱ्यांतील जिवंतपणा पाहिला. फेनोलोसांनी जगाला हे सौंदर्य दाखविले, हे त्यांचे ऋण मान्यच केले पाहिजे. परंतु पटांवर आणखी काहीतरी होते. अनेक पटांच्या कडेला सोनेरी अक्षरांत लेख लिहिलेले होते. काळाने ती अक्षरे पुसट झाली होती आणि थोडेच लेख माहीत होते. नारा राष्ट्रीय संग्रहालयात २००९ मध्ये निंगबोविषयीचे मोठे प्रदर्शन झाले. त्या सुमारास आधुनिक छायाचित्रणाच्या साहाय्याने जपानी संशोधकांनी या लेखांचा कसून शोध घेतला. त्यांत वर्ष आहे, चित्रकाराचे नाव आहे, यीशाओंचे नाव आहे, आणि ज्यांनी आपल्या मिळकतीतून एकेक पट दान दिला, त्या आसपासच्या खेड्यांतील लोकांची नावे आहेत.

हे वाचताना कार्ले आणि कुडे येथील शिलालेख आठवल्यावाचून राहत नाहीत. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दारावर धेनुकाकट येथील सिंहदत्त या गंधिकाचे आणि सामी या सुताराचे नाव आहे. कुड्याच्या लेण्यात एका माळ्याचे दान कोरलेले आहे. ती नावे दगडात होती आणि दगड जागचा हलला नाही, म्हणून लेणे पाहणाऱ्याला दाताही भेटतो. निंगबोच्या शेतकरी-उपासकांची नावे रेशमावर होती, आणि रेशीम गुंडाळून कोठेही नेता येते. १८९४ मध्ये बोस्टनच्या दालनात जे उभे होते, त्यांच्या डोळ्यांसमोर ती नावे होती. ती त्यांच्यापैकी फारच थोड्यांना दिसली असतील.