बदकांची रात्र

चक्रवाकाची रात्र आपल्या काव्याने विरहाची मानली आहे. सूर्यास्त झाला की ते जोडपे नदीच्या दोन काठांना दुरावते आणि पहाटेपर्यंत एकमेकांस साद घालीत राहते. हा संकेत संस्कृत कवींनी इतका आळवला की, चक्रवाक हाही एक बदकच होय, याचा वाचकांस विसर पडावा. परसात बदके पाळणाऱ्याची रात्र मात्र निराळी. त्याला चिंता असते ती रानमांजराची आणि कोल्ह्याची. कोंबडी तिन्हीसांजेला आपणहून खुराड्याकडे वळते व उंच दांडीवर चढून बसते. घरगुती बदक सहसा जमिनीवरच निजते, अंधारातही चरू पाहते. आणि त्याला कोणी आत घेतले नाही, तर सकाळी काठावर पिसे तेवढी सापडतात.

या चिंतेचा लेखी इतिहास शोधू लागलो, तर पावले प्राचीन रोमकडे वळतात. इ. स. पूर्व ३७ मध्ये, वयाच्या ऐंशीच्या सुमारास, व्हारो या पंडिताने शेतीवर तीन भागांचा ग्रंथ लिहिला. त्याच्या तिसऱ्या भागात बदकांच्या आवाराचे स्वतंत्र प्रकरण आहे. भोवती भिंत असावी, तिला गिलावा करावा म्हणजे मांजर आत शिरणार नाही, आणि वर जाळे पसरावे, म्हणजे गरुड आत येणार नाही व बदक बाहेर जाणार नाही, असे तो सांगतो.

त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी, इसवी सनाच्या पहिल्या शतकात, कोलुमेला या लेखकाने हाच विषय घेतला. हा मूळचा स्पेनमधील गादेस, म्हणजे आजच्या कादिझ, येथला. त्याचे वर्णन वाचताना एखादा जुना गवंडी समोर बसून सांगत आहे असे वाटते. भिंत पंधरा फूट उंच हवी. ती आतून आणि बाहेरून, दोन्ही अंगांनी, घोटून गुळगुळीत करावी, म्हणजे चढू पाहणाऱ्या श्वापदाची नखे कोठेच अडकणार नाहीत. आवाराच्या मध्यभागी दोन फूट खोल तळे. त्याचा काठ पक्क्या चुनेगच्चीचा, पण उतरता, म्हणजे पक्षी चालत पाण्यात शिरतील. तळ्याच्या मध्यभागी माती राखून तीत ‘कोलोकासिया’ लावावी, म्हणजे पाखरांना सावली मिळेल. (आज वनस्पतिशास्त्रात हे नाव आपल्या अळवाला मिळाले आहे, त्या काळी ते ईजिप्तमधील कमळाला होते, असे अनेक अभ्यासक मानतात.) भिंतीच्या आतल्या अंगाला दगडी खण करावेत, प्रत्येकी एक फूट लांबरुंद, गिलावा केलेले; हीच अंडी घालण्याची आणि निजण्याची जागा. बदक पाण्याबरोबर खाते, म्हणून दाण्यासाठी वाहत्या पाण्याचा पाट. इतका बारकावा आपल्याकडील कित्येक घरांच्या बांधणीतही दिसत नाही!

पण त्या जाळ्याकडे पुन्हा पाहावे. ते गरुडाला अडवते तसेच बदकालाही. व्हारो आणि कोलुमेला ज्या श्रीमंतांसाठी लिहीत होते, त्यांच्या आवारातील पाखरे अखेर भोजनाच्या पंगतीत जात. मांजरापासून राखायचे ते आचाऱ्यासाठी. हे रक्षण खरे होते, यात संशय नाही. परंतु ते कोणासाठी होते, हा प्रश्न मनातून जात नाही.

त्याच रोममध्ये दुसरेही पाळीव जलपक्षी होते, ते जुनो देवीच्या मंदिरातील हंस. परंपरेप्रमाणे इ. स. पूर्व ३९० मध्ये गॉल लोकांनी शहर घेतले आणि कॅपिटोलच्या टेकडीला वेढा दिला. वर धान्याची ददात होती, तरीही देवीचे म्हणून ते हंस कोणी मारले नाहीत, असे लिव्ही हा इतिहासकार सांगतो. मध्यरात्री शत्रू कडा चढून वर आला, तेव्हा कुत्रे गप्प राहिले. हंसांच्या कलकलाटाने मार्कस मान्लियस जागा झाला. पुढे त्या हंसांच्या दाण्याचा ठेका देणे हे तेथील सेन्सॉर या अधिकाऱ्यांचे पहिले काम ठरले. कथेत दंतकथेचा अंश किती, हे पंडितांनी ठरवावे. देवस्थानाच्या खर्चात पाखरांच्या दाण्याची तरतूद असावी, हे आपल्या वाचकांस नवल वाटण्यासारखे नाही.

आपल्याकडे रक्षणाचा मार्ग भिंतीचा नव्हता, आज्ञेचा होता. राज्याभिषेकाला सव्वीस वर्षे झाल्यावर, म्हणजे इ. स. पूर्व २४३ च्या सुमारास, अशोकाने कोरविलेल्या पाचव्या स्तंभलेखात अवध्य प्राण्यांची यादी आहे. तीत हंस आणि चक्रवाक दोघेही आहेत. कौटिलीय अर्थशास्त्रही या दोघांची गणना विहारपक्ष्यांत करून त्यांना हिंसेपासून राखण्यास सांगते. ही आज्ञा मनुष्याला बांधते. रानमांजराला शिलालेख वाचता येत नाही, तेथे कोलुमेलाचा गवंडीच हवा.

पक्षी स्वतःही आपल्या परीने पहारा करतो. १९९९ साली अमेरिकेतील इंडियाना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी बदकांना ओळीने निजवून पाहिले. मधली बदके बहुधा दोन्ही डोळे मिटून निजली. टोकाची बदके मात्र पुष्कळदा एक डोळा उघडा ठेवून, आणि तो बाहेरच्या दिशेला. मेंदूचा अर्धा भाग निजलेला, अर्धा जागा.

आजचा पाळणारा पंधरा फुटांची भिंत घालीत नाही. तो बारीक डोळ्यांची जाड तार लावतो, उकरणारे जनावर खालून येऊ नये म्हणून ती जमिनीत गाडतो, वर छप्पर घालतो, हवेसाठीच्या झरोक्यालाही तीच जाळी ठोकतो. मग दिवेलागणीला दाण्याचे भांडे वाजवीत बदकांना आत घेतो आणि कडी घालतो. सकाळी दार उघडण्याची मात्र घाई करीत नाही; कारण बदके बहुधा पहाटेच अंडी घालतात, आणि लवकर सुटली तर ती तळ्याकाठी कोठेतरी टाकून मोकळी होतात.