राजाचे मागचे पाय

आमचा राजा जर्मन शेफर्ड. आमच्या पिढीच्या तोंडी अल्सेशियन, कारण पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांना 'जर्मन' शब्दच नकोसा झाला होता! नववं लागलं तसे त्याचे मागचे पाय लटपटू लागले. शहाबादी फरशीवर नखं घासत चालायचा. "वय झालं," म्हणून मी सोडून दिलं. जिना चढेना तेव्हा ओरडलोसुद्धा.

डॉक्टरांनी त्याचा मागचा पंजा उलटा टेकवून पाहिला. राजाने तो सरळ केलाच नाही. त्याला कळलंच नव्हतं.

मग वाचत बसलो, जुनी खोड. फॉन स्टेफानिट्झ या घोडदळातल्या अधिकाऱ्याने या जातीची संघटना १८९९ साली काढली. खुब्याच्या सांध्याचा दोष कुत्र्यांत नोंदला गेला तो १९३५ मध्ये. पण काही म्हाताऱ्या शेफर्डांचा मज्जारज्जूच झिजत जातो, हे अ‍ॅव्हरिल यांनी १९७३ मध्ये मांडलं. २००९ मध्ये त्यामागचा जनुकदोष सापडला. त्याच जनुकातल्या बिघाडाने काही माणसांना एएलएस होतो. म्हणजे राजा आळशी नव्हता, हट्टीही नव्हता. हा झिजण्याचा आजार दुखत नाही म्हणतात, तेवढंच समाधान.

त्या रात्री मीच माझी गादी खाली आणली.